पाणी अठ्ठ्याण्णवला उकळलं तेव्हा

सातवीचा वर्ग. टेबलावर स्पिरिटचा दिवा, जाळीवर काचेचं चंचुपात्र, स्टँडला अडकवलेला थर्मामीटर. बीएड करणारी एक छात्राध्यापिका 'उत्कलनांक' शिकवत होती आणि मी तिच्या सराव पाठाची वही मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसले होते. पाणी खळखळून उकळायला लागलं. आकडा वाचायला बोलावलेला मुलगा डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मैडम, ये तो अट्ठानवे पे ही रुक गया."

तिने दुसऱ्या मुलीला बोलावलं. तिनेही अठ्ठ्याण्णवच सांगितलं. तास संपायला सात-आठ मिनिटं उरली होती. छात्राध्यापिकेने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे, आणि सांगितलं, "कॉपी में सौ लिखो. किताब में सौ ही है." चाळीस वह्यांत १०० लिहिलं गेलं.

मला तिचा राग आला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, आणि मला तर मागच्या बाकावरून बघायलाही कुणी नव्हतं.

मुलांनी वाचलेला आकडा बरोबर होता. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो. वरून दाबणारी हवा हलकी झाली की पाण्यातल्या वाफेला बुडबुडे धरून बाहेर पडणं सोपं जातं, म्हणून पाणी थोडं आधीच उकळतं. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटर चढलं की उत्कलनांक सुमारे १ अंशाने उतरतो. म्हणजे आपल्या इंदुरात साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला हवं. पुस्तकातला १०० हा समुद्रकाठचा आकडा आहे. मुलांनी नीट पाहिलं, नीट वाचलं, आणि आपण त्यांना सांगितलं की डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक तयार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायला मला हा प्रसंग फार उपयोगी वाटतो. आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी असते की ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतं. फार तर फळ्यावर अक्षर चांगलं हवं आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायला हवा. पण ही मुलगी बीएस्सी होती. दाब आणि उत्कलनांक यांचा संबंध तिने परीक्षेत लिहिला होता. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते असं विचारलं असतं तर तिने घडाघडा सांगितलं असतं. शिकवण्याच्या पद्धतीही तिला ठाऊक होत्या. पाठाची प्रस्तावना, प्रश्न, फलक-लेखन, सगळं वहीत आखलेलं होतं. दोन्ही गोष्टी होत्या, तरी मुलाने "अट्ठानवे" म्हटल्यावर त्यातलं काहीच तिच्या मदतीला आलं नाही.

याला शिक्षणशास्त्रात एक नाव आहे. १९८६ साली ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी मांडलं की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं कौशल्य यांच्या मधोमध तिसऱ्याच प्रकारचं ज्ञान असतं, आणि ते फक्त शिक्षकाकडे असतं. हा धडा मुलाला कुठे अडतो, अडतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललेलं असतं, कुठलं उदाहरण दिलं की गाठ सुटते आणि कुठलं दिलं की आणखी आवळते, हे ते ज्ञान. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला ते असेलच असं नाही, आणि नुसतं शिक्षणशास्त्र पाठ केलेल्यालाही नाही. आपण त्याला मराठीत 'विषय शिकवण्याची समज' म्हणू.

उदाहरण घेऊ. झाडाचं अन्न कुठून येतं? सहावी-सातवीच्या मुलांना विचारा. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या ती तोंडपाठ सांगतील. मग विचारा, "दारातला कडुनिंब एवढा मोठा झाला, ते लाकूड आलं कुठून?" बहुतेक मुलं म्हणतील, "मिट्टी से." मोठ्यांना विचारलंत तरी पुष्कळदा हेच उत्तर येतं, आणि ते साहजिक आहे. मुळं जमिनीत असतात, आपण खत जमिनीत घालतो, काळी माती कसदार म्हणून माळवा पिकतो असं घरीदारी ऐकलेलं असतं. व्याख्या मेंदूच्या एका कप्प्यात राहते, ही समजूत दुसऱ्या, आणि दोघींची कधी गाठच पडत नाही.

जो शिक्षक हे ओळखतो तो व्याख्या पुन्हा घोकून घेत नाही. तो एखादी अशी गोष्ट समोर ठेवतो की मातीच्या कल्पनेला धक्का बसावा. यान फान हेलमाँट या फ्लेमिश वैद्याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम २ औंस कमी भरली. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हा वृत्तान्त छापला गेला. ही हकिकत सांगून वर्गाला विचारायचं, आता बोला, झाड कशाचं बनलं? मुलं म्हणतील पाण्याचं. हेलमाँटही तेच म्हणाला होता, आणि तोही पुरता बरोबर नव्हता, कारण लाकडातला कार्बन हवेतून येतो हे कळायला आणखी शतकाहून जास्त काळ लागला. माझ्या मते या धड्यातली ही सगळ्यांत मोलाची जागा आहे. एवढा काळजीपूर्वक काम करणारा माणूस अर्ध्या रस्त्यापर्यंतच पोचला, हे ऐकल्यावर चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाची मान खाली जात नाही.

आता आपले शिक्षक येतात कुठून ते पाहू. प्राथमिक शाळेसाठी बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड, ज्याला अजूनही सगळे डीएडच म्हणतात. मिडिल स्कूलसाठी पदवी आणि त्यावर डीएलएड किंवा बीएड. बीएड पूर्वी एका वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं; आता बारावीनंतर चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. वर शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या शाळेत विज्ञान आणि गणित मिळून किमान एक शिक्षक हवा. कागदावर हे ठीक दिसतं, पण 'विज्ञान आणि गणित मिळून' याचा अर्थ असा, की गणित घेऊन पदवी मिळवलेला माणूस पचनसंस्था शिकवतो आणि प्राणिशास्त्र घेतलेली बाई विद्युत परिपथ. प्राथमिकला तर एकच बाई सगळे विषय घेते, आणि तिने दहावीनंतर विज्ञान सोडून दिलेलं असणं अगदी सामान्य आहे.

यात त्यांचा काय दोष? ज्या व्यक्तीने स्वतः कधी थर्मामीटर हातात धरला नाही, जिच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला कायम कुलूप होतं, तिच्याकडून आपण प्रयोगांतून शिकवण्याची अपेक्षा करतो. माणूस जसा शिकला तसाच शिकवतो. दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला आधीच्या बारा-पंधरा वर्षांच्या सवयीशी झुंजायचं असतं.

आणि प्रशिक्षणात वेळ जातो कशात? पाठयोजना लिहिण्यात. पाठयोजनेच्या वहीत दोन मोठे रकाने असतात, एक शिक्षकाच्या कृतींचा आणि एक विद्यार्थ्यांच्या कृतींचा. दुसऱ्या रकान्यात मुलं काय उत्तर देतील ते आदल्या रात्रीच लिहून ठेवायचं असतं. सूक्ष्म अध्यापन ही पद्धत मात्र मला आवडते. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, त्यात एकच कौशल्य, मग लगेच चर्चा आणि पुन्हा तोच पाठ. १९६३ च्या सुमारास ती स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली आणि सत्तरच्या दशकात आपल्या इंदूर विद्यापीठातल्या प्रा. बी. के. पासी यांनी तिच्यावर बरंच काम केलं. प्रश्न कसा विचारावा, फळा कसा वापरावा, हे त्यातून खरंच सुधारतं. पण समोर मुलांच्या जागी आपल्याच वर्गातल्या मैत्रिणी बसलेल्या असतात, आणि त्या कधी "अट्ठानवे" म्हणत नाहीत.

मग चांगलं प्रशिक्षण कसं दिसतं? एका सकाळीबद्दल जरा सविस्तर सांगते. उन्हाळी शिबिर, तीसेक शिक्षक, बरेचसे पंधरा-वीस वर्षं शिकवलेले. प्रत्येक जोडीला एक साधा सेल, टॉर्चमधला जुना काचेचा बल्ब आणि वितभर तार दिली. (हे बल्ब आता एलईडीमुळे दिसेनासे झालेत, महाराणी रोडवर चार दुकानं हिंडल्यावर मिळाले.) होल्डर नाही, दुसरी तार नाही. सूचना एकच: बल्ब पेटवा.

सगळे हसले. एवढंच? दहा मिनिटांनी हसू थांबलं. कुणी सेलच्या टोकाला तार लावून तिचं दुसरं टोक बल्बच्या बुडाला टेकवत होतं, नळाला पाइप लावल्यासारखं. कुणी बल्ब सेलच्या डोक्यावर उभा करून तार नुसतीच सेलच्या कडेला धरत होतं. एक गुरुजी, ज्यांनी आठवीला वीज शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, ते शांतपणे म्हणाले, "सेल खराब है." सेल बदलून दिला. तोही 'खराब' निघाला.

मी काही सांगितलं नाही. हे सगळ्यांत अवघड काम आहे, आणि प्रशिक्षकाने तेवढंच करायचं असतं. पंचवीसाव्या मिनिटाला खिडकीपाशी बसलेल्या दोन बायकांचा बल्ब लुकलुकला. त्यांच्या ओरडण्याने शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. बल्बचं बूड सेलच्या वरच्या टोपीवर, तारेचं एक टोक सेलच्या तळाला आणि दुसरं बल्बच्या धातूच्या बाजूला. बल्बला विजेसाठी दोन दारं असतात, एक बुडाशी आणि एक बाजूच्या धातूवर. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. पुस्तकातल्या आकृतीत बल्ब होल्डरमध्ये बसवलेला असतो आणि होल्डरमधून दोन तारा निघतात, म्हणून हे दुसरं दार कधी दिसतच नाही. वर्षानुवर्षं आपण फळ्यावर 'पूर्ण परिपथ' लिहितो; तो त्या सकाळी पहिल्यांदा बोटांना कळला.

मग पुढचा प्रश्न. एकाच तारेवर ओळीने दोन बल्ब जोडले तर कुठला जास्त उजळेल? आधी अंदाज कागदावर लिहायचा, मगच जोडायचं. निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं, पहिला. कारण पहिल्याने वीज 'खाल्ल्यावर' दुसऱ्याला कमी उरणार. जोडून पाहिलं. एकसारखे दोन्ही बल्ब सारखेच मंद. त्यावर जी वादावादी झाली ती चहा गार होईपर्यंत चालली. मुलांच्या मनातही नेमकी हीच 'वीज खाल्ली जाते' ही कल्पना असते. सेलमधली ऊर्जा खर्च होते, पण बल्बमधून जेवढा प्रवाह आत जातो तेवढाच बाहेर येतो. हा फरक व्याख्यानात सांगितला तर वहीत राहतो. स्वतःचा लेखी अंदाज चुकला की तो आयुष्यभर आठवतो. आणि ज्या शिक्षकाला आपण स्वतः कुठे अडलो ते आठवतं, त्याला अडलेलं मूल चटकन ओळखू येतं. प्रशिक्षणातून एवढी एकच गोष्ट साधली तरी मी समाधानी असते.

याच शिबिरात आणखी एक छोटी सवय लावून घेतो: प्रश्न विचारल्यावर थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तोच वेळ ३ सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि मुलंच प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद मनात मोजून पाहा. वर्गात उभं असताना ते फार मोठे वाटतात. मी अजूनही पाठीमागे हात धरून बोटांवर मोजते.

शिक्षकाला आधी स्वतः करू द्यायचं आणि मग शिकवायला पाठवायचं, हा विचार आपल्या मध्य प्रदेशाला नवा नाही. इथून पूर्वेला गेलं की नर्मदेच्या काठी होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. तिथे १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ सरकारी मिडिल शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक सुट्टी काढून गावच्या शाळांत येऊन बसत. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या मिडिल शाळांत गेला, १९८२ मध्ये एकलव्य संस्था स्थापन झाली आणि तिने तो माळव्यातल्या देवास-उज्जैनपर्यंत आणला. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत उत्तरं छापलेली नसत. प्रयोग करून मुलांनी ती लिहायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, कारण पुस्तकात नक्कल करण्याजोगं काही नव्हतंच.

पण मला त्यातली सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते ती शिक्षकांसाठीची व्यवस्था. उन्हाळ्यात जवळजवळ तीन आठवड्यांचं शिबिर, सहावी, सातवी, आठवी अशी लागोपाठ तीन वर्षं, आणि शिबिरात शिक्षक मुलांच्या जागी बसून तेच प्रयोग स्वतः करत. मग वर्षभर दर महिन्याला आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची बैठक: या महिन्यात कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, किटमधलं काय संपलं. शिवाय कुणीतरी शाळेत येऊन वर्ग बघायचं, तपासनिसासारखं नाही, सोबत्यासारखं. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तर देणारा एक काल्पनिक सवालीरामही होता, त्याला पोस्टाने ढिगाने पत्रं येत. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन इथेच आले होते, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाडी जोडून भूमितीचे आकार करण्याची त्यांची कल्पना याच काळात जन्मली. २००२ साली राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो १५ जिल्ह्यांत पसरलेला होता. तो बंद पडला याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या शिक्षकांनी ती शिबिरं केली होती त्यांचे वर्ग मी पाहिले आहेत. मूल "ऐसा क्यों?" म्हणालं की त्यांचा चेहरा उजळायचा.

आज २०२० च्या धोरणाप्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यायचं असतं आणि त्यातलं बरंच मोबाइलवर होतं. मोबाइलवर चांगलं व्याख्यान ऐकता येतं, हे मान्य. पण बल्ब पेटेना म्हणून कपाळाला हात लावलेल्या माणसाशेजारी मोबाइल बसू शकत नाही. महिन्याची बैठक परत आणायला पैसे फारसे लागत नाहीत. जवळपासच्या आठ-दहा शाळांचे विज्ञान शिक्षक एका शनिवारी दुपारी एका शाळेत जमू शकतात, आणि एवढ्याने जे घडतं ते मोठ्या शिबिरानेही घडत नाही.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांना आणखी एक पदर आहे, भाषेचा. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि विज्ञानाचे शब्द दोन्हीकडे सारखे दिसून वेगळे निघतात. पाठ्यपुस्तकात 'ताप' आला की आमच्या रामबागेतल्या मुलाला आजारपण आठवतं, कारण घरी ताप म्हणजे अंग तापणं. हिंदी पुस्तकात तो तापमानासाठी येतो. याहून मोठी फसगत 'क्षार' शब्दाची. मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो, म्हणजे क्षार हे मीठ. हिंदी पुस्तकात त्या मिठाला लवण म्हणतात, आणि क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ. पुण्याच्या चुलतभावाकडून वही घेऊन अभ्यास केलेली एक मुलगी यामुळे सबंध धडा उलटा शिकून आली होती. शिक्षक तयार करताना हे शब्द समोरासमोर मांडून बोलायला हवेत. किंवा आधी शब्दच नको, पदार्थ आणा. पांढऱ्या सदऱ्यावर पोह्यांच्या हळदीचा डाग पडतो, त्याला साबण लावला की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. इंदुरात हा प्रयोग घरोघरी रविवारी सकाळी आपोआप होत असतो. मुलांनी तो आधी करावा, वर्गवारी स्वतः करावी, आणि मग तिला हिंदीत काय म्हणतात नि मराठीत काय, हे विचारावं.

प्राथमिक आणि मिडिल यांतला फरकही शिक्षकाला कळायला हवा. तिसरी-चौथीच्या मुलाला कारणं समजावण्याची घाई नको. त्याने बघावं, मोजावं, चित्र काढावं. मैदानात मीटरभर काठी रोवा आणि दर महिन्याला एक दिवस, दुपारी थोड्या थोड्या वेळाने, तिच्या सावलीच्या टोकाशी दगड ठेवा. मुलांच्या लक्षात येईल की सावली बाराला सगळ्यांत लहान नसते. इंदुरात ती वेळ बहुतेक महिने साडेबाराच्या आसपास येते, कारण आपलं घड्याळ ज्या रेखांशावर लावलेलं आहे तो इथून बराच पूर्वेला, मिर्झापूरजवळून जातो. डिसेंबरच्या शेवटी दुपारची सर्वांत लहान सावलीही जवळजवळ काठीएवढी भरते. आणि इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला असल्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ढगांनी कृपा केली तर, काठीची सावली काही क्षण नाहीशीच होते. चौथीत हे नुसतं बघायचं. मिडिलमध्ये 'का' विचारायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तपासायची शिस्त लावायची. हरभरे भिजवायचे तर एका वाटीला उजेड, दुसरीला अंधार, पण पाणी दोन्हींना सारखंच. ऑगस्टमध्ये सोयाबीनचं रोप मुळासकट उपटून आणा, मुळांवरच्या गाठी नखाने फोडा, आत गुलाबी रंग दिसतो. जिवाणू तिथे हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल असा करत असतात. माळव्यातल्या शिक्षकाला यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही, शेताचा बांध पुरतो.

त्या छात्राध्यापिकेशी मी पाठानंतर व्हरांड्यात बोलले. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं थर्मामीटर बिघडलाय." मी म्हटलं, असेलही. मग ते कसं तपासशील? तिने थोडा विचार केला. तीनपेक्षा पुष्कळ जास्त सेकंद. मग म्हणाली, "बर्फात घालून बघते. वितळत्या बर्फात शून्य दाखवलं तर ठीक आहे."

आठवड्याभराने तिचा पुढचा पाठ होता. तिने त्याच मुलाला पुढे बोलावलं, वर्गाला सांगितलं की मागच्या तासाला मी तुमच्याकडून चुकीचं लिहून घेतलं, आणि बर्फाचा डबा उघडला. थर्मामीटर शून्यावर आला. मग पुन्हा दिवा पेटवला, थर्मामीटर तळाला टेकणार नाही असा धरला, आणि पाणी पुन्हा अठ्ठ्याण्णवला उकळलं. आता तिने उंचीचा विषय काढला. मुलांनी नकाशात आकडे शोधले. जानापावचा डोंगर साडेआठशे मीटरच्या वर, तिथे सत्त्याण्णव यायला हवेत. महेश्वर नर्मदेच्या काठी, पुष्कळ खाली, तिथे साडेनव्व्याण्णव. एका मुलीची मावशी महेश्वरला राहते. दिवाळीच्या सुट्टीत थर्मामीटर हातरुमालात गुंडाळून तिच्याबरोबर पाठवायचा, उकळत्या पाण्यापाशी मावशीने उभं राहायचं आणि आकडा दोघींनी वेगवेगळा वाचायचा, असं ठरलं.

तिची पाठयोजनेची वही मी पाहिली. विद्यार्थ्यांच्या उत्तराचा रकाना तिने कोरा ठेवला होता आणि विचारलं, "चालेल ना? की काही लिहू?" मी खाली सही केली.